वाचक विचारतात: लॅपटॉप न नेता फोटो कसे जपायचे?

आषाढी जवळ आली की वारीच्या फोटोंबद्दलची पत्रं वाढतात. त्यातच सुट्टीत लेहला गेलेल्यांचेही प्रश्न आले आहेत. त्यांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: यंदा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालणार आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि मी रॉ फोटो काढते. लॅपटॉप न्यायचा नाही. अठरा दिवसांचे फोटो कशावर साठवू आणि दुसरी प्रत कशी करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आधी हिशोब करा. या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेगसारखी लहान न केलेली मूळ फाइल, साधारण २५ ते ३० एमबीची असते. रोज ४०० फोटो धरले तर दिवसाला ११ जीबी, अठरा दिवसांत २०० जीबी. त्यासाठी ६४ जीबीची चार कार्डं लागतील, वर एक जास्तीचं ठेवा. २५६ जीबीचं एकच कार्ड घेऊ नका. ते बिघडलं किंवा हरवलं तर सगळी वारी गेली. ६४चं गेलं तर पाच-सहा दिवस जातील. आणि मुख्य म्हणजे घरी पोहोचेपर्यंत एकही कार्ड पुसू नका. कार्डाचं वजन जवळजवळ काहीच नाही, म्हणून भरलेलं कार्ड हीच तुमची पहिली प्रत.

दुसऱ्या प्रतीसाठी ५०० जीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे आत फिरता भाग नसलेली छोटी डिस्क, घ्या. अशा बऱ्याचशा एसएसडी पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास भरतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण चालू असताना हातातून पडली की बहुधा संपलीच. तंबूत दाटीवाटीने बसून काम करायचं असताना ती नको. सोबत यूएसबी-सी हब लागेल. त्यात एसडी कार्डाचा खाचा, एसएसडी जोडायला एक पोर्ट आणि चार्जिंगची वायर लावायला वेगळा पोर्ट, या तिन्ही गोष्टी आहेत याची खात्री करूनच घ्या.

घरून निघण्यापूर्वी संगणकावर एसएसडी एक्सफॅट पद्धतीने (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट करा. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीवर असलेली डिस्क पुष्कळ अँड्रॉइड फोन ओळखत नाहीत आणि ‘ही डिस्क चालत नाही, फॉरमॅट करा’ असं सुचवतात. घाईत तिथे हो म्हटलं की आधीच्या दिवसांच्या प्रती पुसल्या जातात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी (फोनला डिस्क, कार्ड जोडू देणारी सोय) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. ही सगळी रंगीत तालीम घरीच, हबसकट, दोनदा करून बघा.

मुक्कामावर रोजचा क्रम असा ठेवा. आधी पॉवर बँक हबला जोडा, मग हब फोनला, त्यानंतर एसएसडी आणि शेवटी कार्ड. फोन एकटा कार्ड आणि एसएसडी दोन्हींना पुरेशी वीज देईलच असं नाही. वीज कमी पडली की एसएसडीची जोडणी मध्येच तुटते आणि अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते. पॉवर बँकेची वायर कॉपी चालू असताना काढली वा लावली तरी हब क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, परिणाम तोच.

मग एसएसडीवर त्या दिवसाचा नवा फोल्डर करा: आधी तारीख, पुढे मुक्कामाचं गाव. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे फोल्डर वेगळेच हवेत. कॅमेरा फाइलला चार आकडी क्रमांक देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. काही कॅमेऱ्यांत नवं कार्ड घातलं की क्रमांक पहिल्यापासून सुरू होतो. सगळं एकाच फोल्डरात टाकलं तर फोन विचारतो, ‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ तिथे हो म्हटलंत की जेजुरीच्या फोटोवर फलटणचा फोटो लिहिला जातो. कॅमेऱ्यातलं क्रमांक सलग ठेवण्याचं सेटिंगही आजच चालू करा.

फाइल्स निवडून ‘कॉपी’ करा. ‘मूव्ह’ किंवा ‘कट’ कधीही नाही. जुन्या यूएसबी २ वेगाच्या फोनवर सेकंदाला ३०-३५ एमबी धरले तर ११ जीबीला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोनचा पडदा चालू ठेवा आणि दुसरं ॲप उघडू नका, कारण बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चाललेली कॉपी थांबवतो. झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो एसएसडीवरून उघडून मोठा करून पाहा. छोटं चित्र दिसतं म्हणजे फाइल पूर्ण आली असं नव्हे; रॉ फाइलमध्ये ते छोटं चित्र वेगळं भरलेलं असतं. फोनला रॉ उघडता येत नसेल तर रॉ उघडणारं एखादं ॲप घरूनच टाकून न्या. शेवटी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नका.

आता दोन्ही प्रती कुठे ठेवायच्या? हे कॉपी करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दोन्ही एकाच सॅकमध्ये असतील तर एका पावसात किंवा एका चोरीत दोन्ही जातात. कार्डं कमरेच्या पाऊचमध्ये अंगावर राहू द्या. एसएसडी दिंडीच्या ट्रकमधल्या तुमच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत. संध्याकाळी तळावर ती हातात येतेच. दोन्ही वस्तू झिपच्या दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी अशा, आणि आत सिलिका जेलची पुडी. फोनच्या पोर्टमध्ये ओल शिरली तर फोन हब जोडू देत नाही. पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि निदान अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. काडी घालू नका, तांदळातही ठेवू नका. तांदळाचे बारीक कण आत जातात.

एसएसडी घेणं परवडत नसेल तर अर्ध्या वाटेवर, फलटणच्या सुमारास, भरलेली कार्डं पुठ्ठ्यात बांधून स्पीड पोस्टने घरी पाठवता येतात. पण त्यांची प्रत, निदान निवडक फोटोंची, फोनमध्ये घेतल्यावरच.

प्रश्न: रोज रात्री सगळं क्लाउडवर चढवलं तर एसएसडी लागेलच कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: गणित जमत नाही. १० जीबी म्हणजे ८० हजार मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट धरला तर १६ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास. हजारो माणसं एकाच टॉवरवर असलेल्या तळावर तेवढाही वेग मिळत नाही, आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या प्लॅनमध्ये ते बसतही नाही. दिवसातले उत्तम दहा फोटो जेपेग करून चढवा. ही तिसरी प्रत म्हणून फार मोलाची आहे. व्हॉट्सॲपवर घरी पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहितीही जाते.

प्रश्न: लेहच्या सहलीत फोनची जागा भरली. फोटो गूगल फोटोजवर आहेत असं समजून फोनमधून काढून टाकले, तर तिथूनही गेले. असं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो काढला की तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. फक्त फोन मोकळा करायचा तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरायचा असतो. बॅकअप झालेले फोटोच तो फोनमधून हटवतो. लगेच ‘ट्रॅश’ उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३०च. तोवर परत आणता येतो.

बॅकअप झाला होता की नाही, हेही तपासा. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. त्यामुळे तिथे काढलेले फोटो हॉटेलच्या वायफायची वाट पाहत अडकून राहतात. शिवाय मोफत जागा १५ जीबीच आहे, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. ती भरली की बॅकअप थांबतो. पुढच्या वेळी यूएसबी-सीचा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह न्या. फोनच्या फोटोंना तो पुरतो.

प्रश्न: कॅमेऱ्यात चुकून कार्ड फॉरमॅट झालं. फोटो परत मिळतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: बहुतेक वेळा हो, पण एका अटीवर: त्या कार्डावर यापुढे एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये फोटोंची यादी पुसली जाते, फोटोंचा मजकूर नवीन काही वर लिहेपर्यंत तसाच असतो. कार्ड काढा, बाजूचं लॉक खाली सरकवा आणि घरी पोहोचल्यावर संगणकावर फोटोरेक हा मोफत प्रोग्राम चालवा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर नव्हे, संगणकावर साठवा. नावं बदललेली असतील, फोटो असतील. कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’ निवडला असेल तर मात्र आशा फार कमी.

प्रश्न: ऑनलाइन एक टीबीचं कार्ड अगदी स्वस्तात दिसतंय. घ्यावं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: नको. अशा बनावट कार्डांवर एक टीबी लिहिलेलं दिसतं, आत ३२ किंवा ६४ जीबीच असतात. ती जागा भरल्यावर नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत, आणि कॅमेरा काही तक्रार करत नाही. कुठलंही नवं कार्ड प्रवासाआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. मॅक किंवा लिनक्सवर एफ३ आहे. ६४ जीबीच्या कार्डाला अर्धा-पाऊण तास लागेल. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, संगणकात नव्हे.