टाकीमागे बसणाऱ्या मुलीबद्दल

प्रिय बाळ,

तुझं तीन पानी पत्र मिळालं. लेकीला शाळेतून काढून घरी शिकवतेस, तर तिला किती तास बसवायचं, पुस्तकं बालभारतीची घ्यायची की सीबीएसईची, इंग्रजी कधी सुरू करायचं, दहावीचं काय, सगळं सविस्तर लिहिलंयस. आणि शेवटच्या पानावर, जाता जाता लिहावं तशी एक ओळ: घरी कुणी आलं की लेक गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसते, ते जाईपर्यंत खाली येत नाही. त्या ओळीनंतर मला बाकीचं पत्र धड वाचता आलं नाही.

तुझे प्रश्न आधी उरकतो, ते सोपे आहेत. शाळेत न जाता दहावी द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. दहावीला बसायला १४ वर्षं पुरी लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच विषय, सगळे एकदम द्यायची सक्ती नाही. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षाही तिथं आहेत. राज्य मंडळच हवं असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून तो लॉकरमध्ये ठेव. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी-बाई दारात आल्या तर वाद घालू नकोस, चहा दे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवणाऱ्यांचा उल्लेखच नाही, तर त्या बिचाऱ्या रकान्यात काय लिहिणार? झालं. आठ वर्षांच्या पोरीच्या बाबतीत यातलं काहीच आज तातडीचं नाही. टाकी तातडीची आहे.

घरी कोण येतं, आणि आल्यावर तिला काय करायला लावतात? तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. सासूबाई म्हणतात, 'अगं, मावशींना ती इंग्रजी कविता म्हणून दाखव.' तुझा नवरा म्हणतो, 'ग्रहांची नावं सांग.' आणि तू गप्प बसतेस, कारण तुलाही आतून वाटत असतं की तिनं सांगावं. शाळेतून काढलं म्हणून गेलं वर्षभर सगळे बोलताहेत, त्यांची तोंडं तिनं बंद करावीत. बाळ, पोरीला साक्षीला उभं करू नकोस. खटला तुझा आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या मुलाला मी १९९६ मध्ये पहिलीनंतर शाळेतून काढला. डाव्या हातानं लिहितो म्हणून बाई त्याचा हात रुमालानं बाकाला बांधून ठेवायच्या. काढला याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कुणी कितीही वाद घालो. तो माझ्या छापखान्यात वाढला. कंपोझिटर खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, हा स्टुलावर बसून बघायचा. जुळवलेला मजकूर आरशातल्यासारखा उलटा दिसतो. हा वाचायला शिकला तो तसाच. आठव्या वर्षी लग्नपत्रिकांची प्रुफं बघायचा. एकदा 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार उडालेला त्यानं पकडला, दोनशे पत्रिका वाया जायच्या वाचल्या. इथवर झकास होतं. इथंच मी थांबलो असतो तर तुला हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पण मला त्याची मिजास चढली. गिऱ्हाईक आलं की, 'अरे, काकांना उलटं वाचून दाखव.' तो दाखवायचा. तो अकरा वर्षांचा असताना एक निवृत्त मुख्याध्यापक लेटरहेड छापायला आले. त्यानं सगळं घडाघडा वाचलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, 'छान. तेवीसचा पाढा येतो का रे?' येत नव्हता. माझे कान तापले. त्या रात्री दहा वाजेपर्यंत मी त्याच्याकडून तेवीसचा पाढा घोकून घेतला. मी! ज्यानं घोकंपट्टीच्या नावानं गावभर भाषणं ठोकली होती.

सकाळी छापखाना उघडला तर बारा पॉइंटची केस, म्हणजे त्या मापाच्या खिळ्यांचा घराघरांचा खण, जमिनीवर उपडी. क, का, कि, काने, मात्रा, रफार, सगळ्याचा एक ढीग, आणि तो शेजारी भिंतीला टेकून बसलेला. रडत नव्हता. मी मारलं नाही, ते मी कधीच केलं नाही. पण ते खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकायचं काम मी त्याला एकट्यालाच लावलं. अकरा दिवस लागले. तेव्हा डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं होतं, कामं तुटत होती, रोज कुणीतरी विचारायचं 'पोराचं पुढं काय?' हे सगळं खरं आहे. पण खिळे वेचणाऱ्या पोराला त्यातलं काय ठाऊक?

पुढं २००५ मध्ये तो १७ नंबरनं दहावी झाला, ६८ टक्के. आता त्याचं बरं चाललंय. चोविसाव्या वर्षी एकदा जेवताना म्हणाला, 'शाळेतल्या पोरांना निदान मे महिन्याची सुट्टी तरी असायची, बाबा.' आणि भाकरी मोडत राहिला.

त्या काळात कुणी टोकलं की मी गांधींचं नाव पुढं करायचो. त्यांनीही मुलांना शाळेत घातलं नाही, जोहान्सबर्गला घरून कचेरीत जाता-येता, मिळून पाच मैल, चालता चालता शिकवलं. ऐकणारा गप्प व्हायचा. त्याच आत्मकथेत पुढं त्यांनी लिहिलंय की मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि मुलांची तशी तक्रार राहिली, ते मी सोयीस्करपणे गाळायचो. थोरला हरिलाल तर १९११ मध्ये बापाला सोडून मॅट्रिकसाठी अहमदाबादला निघून गेला आणि तिथं नापास होत राहिला. गांधींच्या घरात जे झालं ते तुझ्या-माझ्या घरात होणार नाही, असं धरून चालू नकोस.

पालघरकडच्या कोसबाडला बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथं जायचं. आणि आपण? पोर टाकीमागे, आणि आपण खालून हाका मारतोय, 'ये, दाखव.'

आता तू म्हणशील, मग करू काय? एवढं तुला कळत नाही असं मला वाटत नाही, पण सांगतो. तिचे व्हिडिओ टाकणं आजपासून बंद. 'आज काय शिकलीस' हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, नवऱ्यानंही नाही. सासूबाईंना तू स्वतः सांग, तिच्या देखत: 'कविता म्हणायची की नाही ते ती ठरवेल.' त्यांना राग येईल. येऊ दे. पाहुण्यांना चहा तू द्यायचा, पाढे नाहीत. तिच्या जुन्या वर्गातली एखादी मैत्रीण असेल तर संध्याकाळी तिला घरी बोलाव. शाळेच्या रिक्षा परत यायच्या वेळी माझा मुलगा रोज छापखान्याच्या दारात उभा असायचा. गिऱ्हाइकांची वाट बघतोय असं मला वाटायचं.

आणि तिला परत शाळेत जावंसं वाटलं तर? विचार तिला. 'हो' म्हणाली तर जूनमध्ये घाल. तोंड कसं दाखवू वगैरे मला सांगू नकोस. कुणाचं तोंड, बाळ? तिनं साक्ष फिरवली म्हणून तू हरलीस असं होत नाही, कारण साक्षीदार ती नव्हतीच. हे मी तुला पुन्हा सांगतोय, म्हातारा झालोय म्हणून नव्हे. तुझ्या पत्रात 'लोक' हा शब्द नऊ वेळा आलाय आणि तिचं नाव दोनदा. मी मोजलं. प्रुफं तपासायची सवय जात नाही.

रविवारी तुम्ही येताय. केस अजून माळ्यावर आहे, खिळे तसेच आहेत. मी ती काढून ठेवणार नाही. तिनं स्वतः विचारलं तरच. आमची पाण्याची टाकी परसात आहे, जांभळाखाली. मागे बसायला जागा ऐसपैस आहे, फक्त लाल मुंग्या आहेत, तेवढं तिला आधी सांग.

तुझा,
काका