जॅझ सॅक्सोफोनिस्ट सॉनी रोलिन्स ऐन भरात असताना कार्यक्रम बंद करून पुलावर रियाज करायला का गेला? असा ब्रेक वादकाला परवडतो का?

तुमच्या प्रश्नाखाली आधीच दोन उत्तरं आली आहेत. एकाचं म्हणणं, नशेमुळे कामं मिळेनाशी झाली म्हणून रोलिन्स गायब झाला. दुसऱ्याचं म्हणणं, तो प्रसिद्धीचा स्टंट होता. दोन्ही साफ चूक. मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो, याच विषयावरून माझ्या घरात वर्षानुवर्षं भांडण चाललंय, म्हणून जरा लांबण लावतो.

नशेचं आधी उरकतो. रोलिन्सचा जन्म १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सकडचे. विशी येईपर्यंत पोरगा हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९५० मध्ये सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात सापडला आणि रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने काढून आला. सॅक्सोफोनिस्ट चार्ली पार्कर त्याचा देव. १९५३ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका रेकॉर्डिंगला दोघं एकत्र होते. हाही आपल्यासारखाच नशा करतो हे तिथे पार्करला कळलं आणि तो फार दुखावला. आपण ज्याची नक्कल करतोय त्यालाच आपली लाज वाटतेय हे बघून रोलिन्सनं सुटायचं मनावर घेतलं. १९५५ मध्ये तो केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेत असतानाच पार्कर वारला. सुधारलेला रोलिन्स त्याला बघायला मिळाला नाही. बाहेर पडल्यावर रोलिन्स न्यूयॉर्कच्या क्लबांत परतला नाही. शिकागोत राहून झाडलोट, मालाची चढउतार अशी मिळेल ती कामं केली आणि मोह मागे पडल्याची खात्री झाल्यावरच मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राउन यांच्या बँडमध्ये शिरला. पुलाची गोष्ट यानंतर चार वर्षांनी येते. तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. नशा केली की मोठं वाजवता येतं असं अजूनही कुणी पोरांना सांगत असेल, तर त्याला दारात उभं करू नका.

१९५९ च्या उन्हाळ्यात तो थांबला तेव्हा त्याला काय कमी होतं? काहीच नाही. 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम १९५६ मध्येच झाला होता. त्यातल्या 'ब्लू सेव्हन' या एका तुकड्यावर गुंथर शूलर या संगीतज्ञानं १९५८ मध्ये लांबलचक लेख लिहिला: चारदोन सुरांचं बीज घेऊन रोलिन्स सगळा सोलो कसा उभा करतो, आधी वाजवलेलं विसरत कसा नाही, वगैरे. आपल्याकडे जिला बढत म्हणतात तेच ते. लेख कौतुकाचाच होता. रोलिन्सला मात्र तो वाचल्यावर अवघडल्यासारखं झालं. वाजवताना आपण काय करतो याचा त्यानं कधी तसा विचारच केला नव्हता. त्यात लोक डोक्यावर घेत होते आणि याला मनातून वाटत होतं की नाव मोठं झालंय, वाजवणं तेवढं मोठं नाही. थांबण्याचं कारण एवढंच. हे कारण लोकांना पटत नाही, म्हणून नशा आणि स्टंट शोधले जातात.

मला ते पटतं, कारण मी त्यातून गेलोय.

मी लालबागचा. तुम्ही लिहिलंय की हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात टेनर वाजवता आणि डेट, म्हणजे कार्यक्रमांची बोलावणी, नियमित मिळतात. मीही तेच करत होतो. गणपती, नवरात्र, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं, नाट्यगृहातले शो. हिंदी सिनेमातले सॅक्सोफोनवादक मनोहारीदा, त्यांचे पीस हुबेहूब वाजवायचे, यावर आपलं दुकान चालतं. त्यात कमीपणा मुळीच नाही. मनोहारी सिंगांसारखा आवाज काढायला जन्म जातो. पण कल्याणला एका शोमध्ये वन्समोअर आला, गायक पाणी प्यायला विंगेत गेला आणि आमच्या अरेंजरनं मला खूण केली: सोलो घे. ऱ्हिदम चालू होता. मी वाजवलं, बोटं झरझर पळाली आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या आठ बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक खंड) एकही सूर माझा नव्हता. इकडचा एक पीस, तिकडची एक फ्रेज. समोरचे खूश, मागचा ड्रमर खूश. मला परत येताना लोकलमध्ये कुणाशी बोलावंसं वाटेना.

पुढच्या महिन्यापासून मी डेट घेणं बंद केलं. दिवसा चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचो.

आमचे मामा सातारकडचे. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. माझा पहिला सॅक्सोफोन, सेकंडहँड का होईना, त्यांनीच घेऊन दिला. बातमी कळली तशी रात्रीची गाडी पकडून आले. चहा समोर तसाच.

"वाद्य कपाटात ठेवायला घेऊन दिलं नव्हतं."

"कपाटात नाही मामा, रोज वाजवतोय."

"कुणापुढं?"

"कुणापुढं नाही."

"मग ते वाजवणं नव्हं. बाजार चार महिन्यांत माणूस विसरतो, लेका. वाजवणाऱ्यानं वाजवत राहावं."

मी त्यांना रोलिन्सची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तो अमेरिकेतला, त्याचं सोड. आजही हेच म्हणतात. त्यामुळे हे उत्तर थोडंफार त्यांनाही आहे.

चाळीत टेनर वाजवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. बाजूच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा, वर दहावीची परीक्षा. रोलिन्सचंही नेमकं तेच झालं होतं. तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारीण गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून जागा शोधत शोधत तो विल्यम्सबर्ग पुलावर पोचला. १९०३ चा जुना लोखंडी पूल. शेजारून आगगाड्यांचा खडखडाट, खाली मोटारी, त्याखाली नदीतल्या बोटींचे भोंगे. तिथे कितीही जोरात फुंकलं तरी कुणाची तक्रार नाही. उन्हाळा-हिवाळा न बघता तो तिथे वाजवत राहिला, कधीकधी दिवसाचे पंधरा-सोळा तास.

मी शिवडीला जायचो, किल्ल्याच्या खालच्या अंगाला जेटीकडे. संध्याकाळी ट्रक कमी झाले की. खोलीतून बाहेर आलेल्या वादकाला तिथे पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. भिंत नाही, छप्पर नाही, फुंकलेला सूर समोर जातो आणि परत येतच नाही. मला आधी वाटलं पॅड, म्हणजे भोकं झाकणारी गादी, लीक आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, वाद्य ठणठणीत आहे. मग लक्षात आलं की इतकी वर्षं खोलीच मला भरीव आवाज देत होती. उघड्यावर जो उरतो तो तुमचा खरा टोन, आणि माझा पातळ होता. त्या दिवसापासून गाणी बंद, फक्त लाँग टोन. खालचा बी-फ्लॅट धरायचा, अगदी बारीक सुरू करून फुगवत न्यायचा, तितकाच सावकाश परत आणायचा, सूर हलू द्यायचा नाही. मग तोच खालचा सूर बोटांनी धरून, बोट न हलवता, फक्त घसा आणि श्वासाच्या जोरावर वरचे हार्मॉनिक्स, म्हणजे त्याच सुरात दडलेले उंच सूर, काढायचे. गवई पहाटे खर्ज भरतात ना, तसलंच काम आहे. आठवडेच्या आठवडे ऐकण्यासारखं काही होत नाही.

तिथला एक वॉचमन, कोकणातला, पहिल्यांदा मला हटकायलाच आला होता. नंतर बसायला लागला. एकदा त्यानं अगदी काळजीनं विचारलं, "दादा, ह्यो एकच सूर तुमका येता काय?" मी म्हटलं, हाच अजून येत नाही. त्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बसायला लाकडी खोका घेऊन आला.

आता तुमच्या प्रश्नातली 'परवडतो का' ही बाजू. रोलिन्स १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या जॅझ गॅलरी या क्लबात परत मंचावर आला. १९६२ मध्ये 'द ब्रिज' हा अल्बम आला. पियानो नाही, जिम हॉलची गिटार. तोवर गावात ऑर्नेट कोलमन हा सॅक्सोफोनिस्ट येऊन सगळं उलथंपालथं करून गेला होता, दुसरा सॅक्सोफोनिस्ट जॉन कोल्ट्रेन कुठल्या कुठे पोचला होता. लोकांना वाटलं, दोन वर्षं पुलावर घालवून हा काहीतरी भयंकर नवीन घेऊन येणार. आणि अनेक समीक्षकांची निराशा झाली: हा तर जवळपास पहिल्यासारखाच वाजवतोय!

मी परतलो तेव्हा मामा हेच म्हणाले. शिवाजी मंदिरला शो होता, मुद्दाम आले होते. "चांगलं वाजलं. पण आधीबी असंच वाजत होतं की."

हे मला लागलं आणि अजून लागतं, म्हणून ठासून लिहितो. फरक तिसऱ्या रांगेत बसलेल्याला कळलाच पाहिजे ही अट कुणी घातली? 'द ब्रिज'वरच्या संथ गाण्यांत रोलिन्सचा आवाज ऐका. हळू वाजवतानाही सूर पोकळ होत नाही, आणि दोन वाक्यांमध्ये तो थांबतो तेव्हा घाई नाही. मी परत आल्यावर मला काय मिळालं, तर सोलोची खूण झाली की मी आधी दोन बार गप्प राहू शकतो. आधी ती शांतता मला सोसत नव्हती. आता त्यात पुढचा सूर ऐकू येतो. हे टाळ्यांत मोजता येत नाही. आणि वादकाची किंमत डेटच्या आकड्यावर करणारे लोक, मग ते कितीही मायेचे असोत, याबाबतीत चुकतात. जुन्या बँडमास्तरांपासून आजच्या इव्हेंटवाल्यांपर्यंत सगळ्यांनी वादकाला हेच शिकवलं की थांबला तो संपला. रोलिन्स एकदा नाही, वारंवार थांबला आणि पुलानंतरही अर्धशतक वाजवत राहिला.

पुढच्या वेळी थांबण्याआधी तर तो आपल्याकडे आला होता. १९६८ च्या सुमारास पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला, वेदान्त शिकला. पवईच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? त्यानंतर लवकरच त्यानं पुन्हा कार्यक्रम थांबवले आणि १९७२ मध्ये नव्या अल्बमसह परतला. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो तिथे वाजवून गेला. २००१ च्या ११ सप्टेंबरला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही गल्ल्यांवर राहत होता. घर सोडताना हातात सॅक्सोफोन होता, आणि चार दिवसांनी बोस्टनला ठरलेला कार्यक्रम त्यानं केला. वय ७१. शेवटी फुप्फुसांच्या आजारानं २०१२ नंतर मंच सुटला आणि २०१४ पासून वाजवणंच सुटलं. त्याच्या हातातून वाद्य खरोखर गेलं ते असं, श्वासामुळे. पुलामुळे नाही.

थोडी दुसरी बाजूही सांगायला हवी. पुलाच्या काळात लुसिल, जी पुढे त्याची बायको झाली, नोकरी करत होती. माझी बायको नर्स आहे. घर तिच्या पगारावर चाललं, झेरॉक्सच्या दुकानावर नाही. घरात दुसरा पगार नसेल तर माझं सगळं वरचं लिखाण बाजूला ठेवा आणि पूर्ण बंद करू नका. गणपती-नवरात्राच्या डेट घ्या, वर्षाचं भाडं त्यातून निघतं, उरलेले महिने स्वतःला द्या. दुसरं म्हणजे, परतल्यावर जुनी जागा मिळेल असं धरून चालू नका. माझ्या जागी ऑर्केस्ट्रानं कीबोर्डवरच सॅक्सचा आवाज लावून घेतला होता. मालकाला तो स्वस्त पडला. माझ्या डेट आजही आधीपेक्षा कमीच आहेत, आणि मामा हा मुद्दा दर दिवाळीला काढतात. बरोबरच काढतात. पण शिवडीचे ते महिने परत देऊन डेट घे म्हणाल तर घेणार नाही.

किती दिवस थांबावं हे तुम्ही विचारलंय, ते मला सांगता येणार नाही. कशासाठी थांबताय हे एका ओळीत लिहिता येत नसेल तर थांबू नका. माझी ओळ 'उघड्यावर टोन' अशी होती. आणि उघड्यावर वाजवायला सुरुवात करणार असाल तर पावसाळा संपू द्या. दमट हवेत पॅड फुगतात, जी-शार्पची की चिकटते, रीड, म्हणजे तोंडाशी कंप पावणारी पट्टी, वाकडी होते, आणि दोष वाद्याचा की आपला हेच कळत नाही. ऑक्टोबरनंतर जा.