कुंडीतल्या टोमॅटोला कोणतं खत द्यावं, आणि टॉनिकच्या बाटल्या खरंच लागतात का?

तुम्ही लिहिलंय की १५ लिटरच्या कुंड्यांत टोमॅटोची सहा रोपं आहेत आणि त्यांत निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत भरलंय. दर आठवड्याला चार बाटल्यांतलं काही ना काही देता: एक वाढीचं खत, एक 'फुलोरा बूस्टर', एक समुद्री शेवाळाचा अर्क आणि एक ह्युमिक (सेंद्रिय पदार्थ कुजून बनणारं आम्ल). तरीही खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडतायत, पहिली फळं बुडाशी काळी झाली, आणि आता पाचवी बाटली कोणती आणावी असं विचारताय.

पाचवी आणू नका. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की हा त्रास बराचसा फुलोरा बूस्टरच्या बाटलीतून आलाय, आणि तिच्यावर उतारा म्हणून आणखी काही ओतलं तर तो वाढेल.

आधी पानं काय सांगतायत ते बघू. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत हलू शकतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून या चौघांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता नव्या पानांवर, शेंड्यावर किंवा फळावर दिसते. नत्र कमी पडलं तर खालचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं होतं. तुमच्याकडे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतोय, म्हणजे मॅग्नेशियम. आणि फळाचं बूड काळं पडतंय म्हणजे वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये.

ही दोन्ही लक्षणं एकदम का आली? फुलोरा बूस्टर म्हणून विकलं जाणारं खत बहुतेक वेळा ००:५२:३४ (हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण) किंवा त्याच्याच जवळचं काहीतरी असतं. त्यात स्फुरद आणि पालाश ठासून भरलेले असतात. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे तिघं मुळाशी एकमेकांचे स्पर्धक आहेत. पालाशचा मारा झाला की बाकीचे दोघे मागे पडतात. त्यात कोकोपीटची भर. नीट प्रक्रिया न केलेलं कोकोपीट स्वतः पालाश सोडतं आणि पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं. तुमचं झाड उपाशी नाहीये, एका गोष्टीचा अतिरेक होऊन दुसऱ्या दोन गोष्टी त्याला मिळेनाशा झाल्यात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला आणि पुढे रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी सर्वदूर पोचवलेला नियम हाच आहे: जे सगळ्यात कमी आहे त्यावर वाढ अडते, बाकीचं कितीही वाढवा.

'फुलं यायला स्फुरद हवं' ही समजूत फार खोल रुजलेली आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. पाकिटावर जे आकडे असतात त्यातला मधला आकडा शुद्ध स्फुरदाचा नसतो, त्याच्या ऑक्साइडचा असतो. त्याला ०.४४ ने गुणा, म्हणजे खरं स्फुरद कळतं. तिसऱ्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की खरं पालाश. आता ००:५२:३४ चा १ ग्रॅम एक लिटर पाण्यात टाकला तर साधारण २२७ मिलिग्रॅम स्फुरद जातं. मातीविना टोमॅटो पिकवणारे त्यांच्या द्रावणात लिटरमागे ३० ते ६० मिलिग्रॅम स्फुरद ठेवतात. इतकंच खपतं त्या झाडाला. उरलेलं स्फुरद जस्त आणि लोह अडवून बसतं. शिवाय मायकोरायझा ही मुळांना अन्नद्रव्यं मिळवून देणारी बुरशी मुळाशी जुळायची ती स्फुरद मुबलक दिसलं की जुळत नाही. बूस्टर आणि मायकोरायझा दोन्ही विकत घेणारी माणसं मी पाहिलीयत, त्यातल्या एका वस्तूचा खर्च दुसरीने वाया घालवलेला असतो.

फुलं गळत असतील तर आधी तापमान बघा. दिवसा ३२–३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण निकामी व्हायला लागतात, आणि तिथे कोणतंही खत कामाचं नाही.

आता करायचं काय. बूस्टर पूर्ण बंद. प्रत्येक कुंडीतून साधं पाणी हळूहळू सोडा, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट, म्हणजे ३० लिटर, आणि ते खालून निघून जाऊ द्या. साठलेले क्षार धुऊन निघतात. (कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसतेय का? दिसत असेल तर माझा अंदाज आणखी पक्का.) या धुण्यात नत्रही वाहून जातं, म्हणून दोन दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला १ ग्रॅम. आणखी तीन-चार दिवसांनी मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला अर्धा ग्रॅम. पुढेही आलटून पालटून. ही दोन खतं घट्ट द्रावणात एकत्र करू नका, कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम खाली बसतं. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खताचंही तेच होतं, पाणी दुधाळ झालं की समजायचं.

पिवळी झालेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नका. पिवळेपणा वरच्या पानांकडे चढायचा थांबला का ते बघा. काळी फळं काढून टाका, ती बरी होत नाहीत.

बुडाचा काळेपणा नुसत्या कॅल्शियमने जाईलच असं नाही, कारण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. कुंडी एक दिवस कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी तुंबलेली असेल तर माध्यमात कॅल्शियम भरपूर असूनही फळापर्यंत जात नाही. मला सगळ्यात जास्त फरक पडलेला दिसला तो सकाळी ठरलेल्या वेळी पाणी देण्याने आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकण्याने. अंड्याची टरफलं टाकून या हंगामात काही होणार नाही, ती फार हळू विरघळतात.

पुढच्या रोपांसाठी माझा क्रम साधा आहे. लावणीनंतर पहिले तीन-चार आठवडे १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम. फळं धरायला लागली की ते थांबवून कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ आलटून पालटून, कारण १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र युरिया-अमोनियम रूपात असतं आणि अमोनियम जास्त झालं की कॅल्शियम आत यायला अडतं. मॅग्नेशियम थोडं थोडं अधूनमधून. गांडूळखत निम्मं न घेता एक चतुर्थांश घ्या. निम्म्यात पाणी साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही.

टॉनिकांबद्दल विचारलंत. शेवाळाचा अर्क मी टाकाऊ म्हणणार नाही. पुनर्लावणीच्या धक्क्यात किंवा उन्हाच्या ताणात रोप सावरायला तो मदत करतो. पण त्याला जेवण समजू नका, त्यात अन्नद्रव्यं नगण्य असतात. ह्युमिक हलक्या, सेंद्रिय अंश नसलेल्या मातीत उपयोगी, तुमच्या कुंडीत गांडूळखतामुळे ते आधीच आहे. मायकोरायझा घ्यायचाच असेल तर लावताना थेट मुळांना लागला पाहिजे, नंतर वरून भुरभुरून फायदा नाही. केळीच्या सालीच्या पाण्याचं नाव सोडा.

पैसे कुठे घालायचे असतील तर सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता) आणि विद्युत वाहकता (ईसी, यावरून पाण्यात विरघळलेले क्षार किती ते कळतं) मोजायच्या छोट्या मीटरवर घाला. मी दोन हंगाम नव्या पानांच्या पिवळेपणावर लोह ओतत होतो. मीटर आल्यावर कळलं की माझ्या पाण्यामुळे कुंडीचा सामू ७.६ वर गेला होता. एवढ्या सामूत ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं एक संयुग) रूपातलं लोह टिकतच नाही. कोकोपीट असेल तर सामू ५.८ ते ६.५ मधे ठेवा, तेवढ्यानेच माझी अर्धी पिवळी पानं थांबली. लोह द्यायचंच झालं तर जास्त सामूत ईडीडीएचए या दुसऱ्या संयुगाच्या रूपातलं चालतं.

कुंडी धुतल्यानंतर खालून निघणाऱ्या पाण्याची वाहकता मोजून इथे लिहा, आणि वरून देता त्या साध्या पाण्याचीही. दोन्ही आकडे मिळाले की एकदा धुणं पुरलं का पुन्हा धुवायला हवं, ते नेमकं सांगता येईल. तोवर बूस्टरचं झाकण घट्ट लावून ठेवा.