सोलापूरहून डिसेंबरात अंदमानला जातोय, घरात कुणालाच पोहता येत नाही. स्कूबा, सी-वॉक, स्नॉर्केलिंग, जेट स्की यांपैकी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सोबत साठीच्या पुढचे आई-वडील आणि बारा वर्षांचा मुलगा आहे, आणि एजंटाने चारही गोष्टींचं पॅकेज गळ्यात मारायला काढलंय. मीही सोलापूरचाच, त्यामुळे तुमची भीती कळते. आपल्याकडे पाणी म्हटलं की हिप्परगा तलाव, नाहीतर उजनीचं बॅकवॉटर, तेही काठावरून बघायचं. तरी सांगतो, पॅकेज घेऊ नका. एक सकाळ अख्खी स्कूबाला द्या (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं), एक स्नॉर्केलिंगला (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं). जेट स्की तर सोडूनच द्या, बसलो म्हणेपर्यंत फेरी संपते. तसली फेरी मारायला तारकर्ली काय वाईट आहे?

पोहता येत नाही याची काळजी करू नका. पर्यटकांसाठी जी पहिली डाइव्ह, म्हणजे स्कूबाची बुडी, असते, तिला पोहणं लागत नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या पाठीवरची टाकी धरून सोबत असतो, वर-खाली तोच नेतो. खोलीची मर्यादा 12 मीटर, आणि नवख्यांना बहुतेक वेळा त्याहून बरंच कमी खोल नेतात. वयाची अट 10 वर्षांची, म्हणजे मुलगाही बसतो. पोहण्याची परीक्षा लागते ती पुढच्या प्रमाणपत्राच्या कोर्सला.

खरी काळजी कानांची करा. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि तो आधी कानाच्या पडद्याला जाणवतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, की कान मोकळे होतात. हे दुखायला लागल्यावर नाही, खाली जाताना आधीपासूनच थोड्या थोड्या वेळाने करायचं. सर्दी झाली असेल तर कान उघडत नाहीत. त्या दिवशी सरळ रद्द करा, पैसे गेले तर गेले.

दुसरं, श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगत जाते, आणि ती कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा होते. आत जाण्याआधी छातीभर पाण्यात उभं करून तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतात. तिथे घाई करू नका, आणि करूही देऊ नका. जो डाइव्हवाला हा सराव दोन मिनिटांत उरकतो, त्याच्याबरोबर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खुणाही तिथेच शिकवतात. आपण फोटोत हौसेने अंगठा वर करतो ना, पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो, आणि लोकांना खरंच वर नेतात! ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

आई-वडिलांचं थोडं वेगळं. डाइव्हआधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, रक्तदाब, झालेली ऑपरेशन्स, सगळं खरं लिहा. ‘लिहू नका, मग सोडणार नाहीत’ असं सांगणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत, त्यांचं ऐकू नका. डॉक्टरांची ना नसेल तर त्यांच्यासाठी सी-वॉक बरा. डोक्यावर मोठं हेल्मेट असतं, नळीतून हवा येत राहते, चेहरा कोरडा राहतो आणि चष्मासुद्धा काढावा लागत नाही. पण पाण्याचा दाब तिथेही असतोच, तेव्हा कानांचा नियम तोच. एवढंही नको असेल तर काचेच्या तळाची बोट आहे.

स्नॉर्केलिंगला हॅवलॉकचा (आता स्वराज द्वीप) एलिफंट बीच धरा. रिंग धरून पडून राहायचं, माणूस ओढत नेतो. वडिलांना भरघोस मिशा असतील तर मास्कमध्ये पाणी झिरपतं, मिशांना थोडं व्हॅसलीन लावा. प्रवाळ फोटोतल्यासारखं रंगीत दिसेलच असं नाही. 2004 च्या त्सुनामीने आणि 2010 साली समुद्र तापल्याने तिथल्या प्रवाळाचं बरंच नुकसान झालंय, काही ठिकाणी नुसता करडा सांगाडा दिसतो. मासे मात्र भरपूर. प्रवाळावर पाय ठेवू नका आणि त्याचा तुकडा खिशात घालू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात.

वेळेचं गणित आपल्या लोकांचं हमखास चुकतं. घड्याळ एकच असलं तरी अंदमान सोलापूरच्या सतराएक रेखांश पूर्वेला आहे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून दुपारनंतर पाण्यातलं काही ठरवू नका. उजाडताच उठा, हलकं खा, आणि बोटीत बसण्याआधी उलटीची गोळी घ्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खोलीवर संध्याकाळी.

राधानगर बीचवर जीवरक्षक सांगतील तेवढ्याच भागात उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकलाच एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याचे फलक लावलेत तिथे मुलाला घोट्यापर्यंतसुद्धा जाऊ देऊ नका.

राहिलं विमान. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि एकापेक्षा जास्त केल्या तर 18 तास विमानात बसायचं नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्यामुळे पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) उतरलात की लवकरात लवकर हॅवलॉक गाठा, पाण्यातलं सगळं आधी उरका. सेल्युलर जेल आणि तिथला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम परतीच्या आदल्या दिवशी ठेवा. एजंटाने उलटा क्रम लावला असेल तर तिकिटं काढण्याआधीच बदलून घ्या.