गोळ्या चालू केल्या म्हणून दूध तोडावं लागत नाही

“मॅडम, गोळ्या चालू केल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागंल का ओ?” लेकीला घेऊन आलेल्या आया बहुतेक वेळा आधी हेच विचारतात. या धास्तीपायी बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचा उपचार लांबत जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

अशोक चौकाकडची एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पहिलं बाळंतपण, माहेरी. बाळ दोन महिन्यांचं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कशाची कमी नव्हती. दृष्ट काढून झाली, अक्कलकोटला जाऊन आले. ही मात्र बाळ झोपलं तरी टक्क जागी. माझ्यासमोर पाजतानाही नजर भिंतीकडे. “बघ की, हसतंय,” आई म्हणाली. तिनं बघितलं आणि टॉवेलचं टोक दुमडत बसली. आई बाहेर गेल्यावर म्हणाली, “मला ह्याचं काहीच वाटत नाही. मी आई व्हायच्याच लायकीची नाही.”

बाळंतपणानंतर सुरुवातीला उगाच रडू येतं, ते पंधरवड्यात ओसरतं. त्यापुढंही राहिलं तर तो आजार समजावा. हे नैराश्य ओळखायला आम्ही एडिनबरो नावाची प्रश्नावली वापरतो, तिच्यात 10 प्रश्न आहेत. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. तो मी कधीच गाळत नाही. “येतं कधीकधी मनात,” ती म्हणाली. त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. ही गोळी दुधात फारच कमी उतरते, म्हणून पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा हीच देतात. मात्र बाळ अंगावर पितंय हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर मी घरच्यांकडून एकच गोष्ट मागितली: तिची झोप. रात्री एकदा काढून ठेवलेलं दूध आजीनं वाटी-चमच्यानं पाजायचं, आणि हिला सलग झोपू द्यायचं. नवऱ्यालाही बोलावून समजावलं.

हळूहळू ती बाळाशी बोलायला लागली, तशी गोळ्या बंद करू का म्हणाली. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवतात, नाहीतर दुखणं उलटू शकतं.

बाळंतीण झोपेविना भलतंसलतं बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. एरवी कुठं जायचं ते सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर रात्री-अपरात्रीही लागतो.