‘चोक ३६ वर ठेवा’ म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

इंग्लंडात राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १९७२ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मूळचे दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) काढून त्यांनी तिला वेबर कंपनीचा एकच ‘४५ डीसीओई’ बसवलाय आणि ट्यूनिंगच्या नोंदी कोल्हापूरच्या धाकट्या भावासाठी मराठीत लिहून ठेवतायत. नोंदवहीतल्या ‘३६ चोक, १४५ मेन’ या ओळीचं त्यांनी ‘चोक ३६ वर ठेवा, मेन १४५’ असं मराठी केलं. भावाचा लगेच फोन: “दादा, चोकला आकडे कधीपासून आले? तो ओढायचा किंवा सोडायचा, एवढंच ना?” तर चोकला मराठीत काय म्हणावं, आणि लीन-रिचला (मिश्रणात पेट्रोल कमी-जास्त असण्याला) ‘दुर्बल’ आणि ‘समृद्ध’ चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

भावाचं बरोबर आहे. दादांचंही इंग्रजी चुकलेलं नाही. घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत चोक या एका नावाखाली कार्ब्युरेटरच्या दोन निराळ्या गोष्टी नांदतात, आणि मराठीने त्यातली एकच उचलली.

आपण उचलली ती थंडीतली. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं नळीच्या भिंतींनाच चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावायचं. त्यासाठी तोंडाशी जी झडप असते ती चोक. चेतक एका अंगाला कलती करून, चोक ओढून, मग किक मारणारे वडील ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. इथून शब्द आपल्याकडे इतका रुळला की मोरी चोकअप होते, नाला चोकअप होतो. अडणं, तुंबणं हाच अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलाय. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत या झडपेला ‘स्ट्रँग्लर’ म्हटलेलं सापडतं. स्ट्रँग्लर म्हणजे सरळ गळा आवळणारा. आपल्याकडे ‘गळचेपी’ हा नेमका शब्द होता, पण तो वर्तमानपत्रवाल्यांनी नेला.

दुसरा चोक अडवत नाही. तो अरुंद करतो. कार्ब्युरेटरच्या नळीत मध्येच जी चिंचोळी जागा असते तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल वर ओढलं जातं. सगळा कार्ब्युरेटर या एका गोष्टीवर चालतो. जोवान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या जागेला व्हेंचुरी म्हणतात. इंग्लंडातले ट्यूनिंगवाले तिलाच चोक म्हणतात. वेबर डीसीओईमध्ये हा चोक म्हणजे सुटी निघणारी अ‍ॅल्युमिनियमची बाही असते. ३६ हे तिच्या सगळ्यात अरुंद जागेचं मिलिमीटरमधलं माप. कार्ब्युरेटरच्या नावातले ४५ हे त्याच नळीचं, पण थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या, चकतीपाशी. आणि १४५ हे मिलिमीटरचे शंभरावे भाग, म्हणजे मेन जेटचं, ज्यातून पेट्रोल येतं त्या पितळी तुकड्याचं, भोक १.४५ मिलिमीटरचं. एका कार्ब्युरेटरचे तीन आकडे, तिन्ही भोकांचेच, पण माप वाचायची रीत एक नाही. कोल्हापूरचा भाऊ गोंधळला तर नवल काय!

खरी गंमत पुढेच आहे. डीसीओईमध्ये आपला, म्हणजे ओढायचा, चोक नसतोच. थंड इंजिनासाठी त्यात वेगळी वाट आणि वेगळे जेट असतात. खटका ओढला की ती वाट उघडते, हवा कुठेही अडत नाही. बरेच जण तो खटका जोडतही नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर दोनतीनदा दाबून पंपाने पेट्रोल मारतात आणि स्टार्टर देतात. म्हणजे दादांच्या गाडीत जो आहे त्याला मराठीत चोक म्हणत नाहीत, आणि मराठीत ज्याला चोक म्हणतात तो त्यांच्या गाडीत नाही. एखादा शब्द इतका उलटा पडलेला क्वचित सापडतो.

यात नुकसान कुठे होतं? ‘चोक लहान करा’ या वाक्यात. ट्यूनिंगमध्ये त्याचा अर्थ ३६ ची बाही काढून ३४ किंवा ३२ ची घाला. त्याने कमी आरपीएमला हवेचा वेग टिकतो, गावातल्या रस्त्यावर पिकअप सुधारतो, आणि वरच्या टोकाला थोडी ताकद जाते. कोल्हापुरात हेच वाक्य वाचणारा माणूस चोकचा खटका अर्धा आत ढकलेल. ‘मोठा चोक’ म्हटलं तर पूर्ण ओढेल.

आता शब्द. ‘व्हेंचुरी’ आपल्याकडच्या मेकॅनिकलाही कळतो, म्हणून पहिल्यांदा तोच लिहावा. पुढे मात्र मी सरळ ‘गळा’ लिहीन. सुरईला गळा असतो, तांब्याला असतो, आणि दोन्हीकडे आकार हाच: रुंद, मग चिंचोळा, मग पुन्हा रुंद. ‘कंठ’ नको, तो लगेच गाऊ लागतो. ‘संकोचनलिका’ वगैरे तर मुळीच नको. ‘३६ चा गळा’ म्हटल्यावर शिंप्याचं दुकान आठवेल हे मान्य, पण शिंपीही गळ्याचं माप आकड्यातच सांगतो, तेव्हा त्यात वाईट काही नाही.

शिवाय इंग्रजीही गळ्याभोवतीच फिरते. थ्रॉटल हा शब्द ‘थ्रोट’च्याच घरातला, आणि क्रियापद म्हणून त्याचा अर्थ गळा दाबणे. म्हणजे इंग्रजाने एकाच यंत्राच्या दोन भागांना, चोक आणि थ्रॉटल, एकच हिंसक कल्पना लावली. ज्यांनी वेबर घडवला त्या इटालियनांना हे सुचलेलं दिसत नाही. एदोआर्दो वेबरने बोलोन्यात १९२३ साली धंदा सुरू केला तो फियाट गाड्यांसाठी. त्यांच्या भाषेत या बाहीचं नाव ‘दिफ्यूझोरे’, म्हणजे पसरवणारा. वस्तू तीच. इंग्रजाची नजर ती जिथे आवळते तिथे गेली, इटालियनाची जिथे सुटते तिथे. जर्मन तिला हवेचं नरसाळं म्हणतो. आणि ओढायच्या चोकसाठी इटालियन माणूस ‘हवा ओढ’ म्हणतो, प्रत्यक्षात हवा कमी होत असताना! वेबरच्या इटालियन तक्त्यात पेट्रोलमध्ये हवा सोडणाऱ्या एअर करेक्टर जेटला ‘हवेचा ब्रेक’ आणि ती हवा पेट्रोलमध्ये मिसळणारी नळी, म्हणजे इमल्शन ट्यूब, ज्यात उभी असते तिला ‘छोटी विहीर’ अशा अर्थाची नावं आहेत. मला ती इंग्रजीपेक्षा जवळची वाटतात. विहिरीत नळी सोडली हे चित्र आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

लीन आणि रिचकडे येतो. ‘दुर्बल मिश्रण’, ‘समृद्ध मिश्रण’ हे शब्द पाठ्यपुस्तकी आहेत आणि दिशाभूल करतात. समृद्ध म्हटलं की चांगलं वाटतं. पण समृद्ध मिश्रणाने प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून धूर येतो, गाडी पेट्रोल पिते. इटालियन आणि जर्मन इथे ‘बारीक’ आणि ‘जाड’ म्हणतात, तेही मराठीत जमत नाही. माझी पसंती ‘विरळ’ आणि ‘दाट’ला. हवा विरळ होते, धुकं दाट पडतं, वायूसाठी हे शब्द आपण रोज वापरतो. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे रासायनिक हिशेबाचं मिश्रण. हवा त्याहून जास्त झाली की विरळ, कमी झाली की दाट. पूर्ण ताकद हवी तर साडेबारा-तेरापर्यंत दाट करतात. गॅरेजमध्ये मात्र कुणीच विरळ-दाट म्हणत नाही. तिथे ‘पेट्रोल कमी पडतंय’ आणि ‘पेट्रोल जास्त मारतंय’. नोंदवहीत हेही चालेल, उलट जास्त चालेल.

‘जेट’ला हात लावू नका, तो जेटच राहू दे. सांगलीत मामांच्या गॅरेजमध्ये सुट्टीत लुडबुड करताना मी एकदा पद्मिनी गाडीचा जेट साफ करायला तारेच्या ब्रशची एक तार उपटून भोकात फिरवली होती. मामांनी जेट माझ्या हातातून काढून घेतला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिला, आणि म्हणाले, “हे भोक मोजून पाडलेलं असतं रे. पितळ मऊ. तू आता याला मोठा करून ठेवलास.” ती गाडी नवा जेट मिळेपर्यंत पेट्रोल पीत राहिली. १४० आणि १४५ यांत फरक किती, तर मिलिमीटरचा विसावा भाग. त्या दिवसापासून मी फुंकर मारतो.

तेव्हा दादांची ओळ मी अशी लिहीन: ‘व्हेंचुरी (गळा) ३६, मेन जेट १४५. खाली पिकअप नसेल तर ३४ चा गळा घालून बघ. प्लग पांढरा पडला तर मिश्रण विरळ, पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट एक नंबर वाढव. काळा पडला तर उलट.’ आणि खाली, भावासाठी एक ओळ जादा: ‘या गाडीला चोक नाही.’