कामगारांनी मनावरच्या ताणाबद्दल मोकळेपणानं बोलावं, यासाठी सुपरवायझरनं काय करावं?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत तुमच्या हाताखालची पोरं गप्प गप्प असतात, असं तुम्ही लिहिलंय. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, चारचौघांत कुणी तोंड उघडत नाही. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर एकट्याला गाठा आणि दिसलं तेवढंच बोला: "आठवडा झाला, डबा तसाच परत नेतोयस. झोप लागते का रे?" मग ऐका. लगेच "मन घट्ट कर" सुरू केलंत की तो परत बोलणार नाही.

ऐकलेलं त्याला विचारल्याशिवाय एचआरलाही सांगू नका. बरीचशी माणसं एकाच गावची, भावकीतली. गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचते आणि खरी भीती तीच असते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर मात्र एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, डॉक्टरांकडे न्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर लावा. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तोही तपासा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलंय. आणि उपचारासाठी सुट्टी मागितली तर तापाला देता तशीच द्या.